वाटणीत आलेली ॲम्बेसिडर

नव्या गाडीच्या चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवायचं आणि मग गाडी पुढं घ्यायची, ही रीत आमच्या नाशकात आहे तशी बुलढाणा जिल्ह्यातही आहे. तिला फक्त चाकं लागतात. दुसरबीडला तेजरावांच्या गोठ्यामागं मी हातात चार लिंबं घेऊन गुडघ्यांवर वाकलो, गाडीच्या कडेचं वाढलेलं गवत बाजूला सारलं, आणि तिथं विटा होत्या.

चारी कोपऱ्यांवर विटाच. शिस्तीत रचलेल्या, वर लाकडाची फळी. तोवर मी काळ्या ॲम्बेसिडरला झेंडूचा हार घातला होता, नारळ फोडला होता, हळदीकुंकू वाहिलं होतं, आणि सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, काढलेला फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकून झाला होता. खिशात फोन थरथरत होता. अभिनंदनं येत होती.

मी उठलो आणि बॉनेट उघडलं. आत कोंबडी बसली होती. जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी आलेल्या माणसाकडे कारकून बघतो तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

इथं एक कबुली देऊन टाकतो. सत्तावीस वर्षं मी विमा कंपनीच्या कचेरीत बसून लोकांना सांगत आलो आहे की बाबांनो, सही करण्याआधी नीट बघा. आणि ही गाडी मी फोनवर आलेला एक फोटो बघून घेतली. फोटोत ती उन्हात चकाकत होती. माझ्याच वयाची असून माझ्यापेक्षा पुष्कळच बरी दिसत होती. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. लग्नानंतर सुनंदाला समुद्र दाखवतो म्हणालो होतो, आणि नाशिकहून समुद्र तसा जवळच म्हणून ते राहून गेलं होतं. आता आठ दिवसांची रजा टाकली होती. जुनी ॲम्बेसिडर घ्यायची, मेहकरच्या मिस्त्रीकडून तेलपाणी बघून घ्यायचं आणि दुसरबीडहून थेट कोकण गाठायचं, असा बेत होता. कचेरीत पेढे वाटून आलो होतो.

"तेजराव," मी म्हणालो, "चाकं?"

"चाकं नाहीत जी याले."

"आणि इंजिन?"

"इंजिन जानेफळले असते. देवमनकडं." मुलगी जानेफळला दिली आहे, असं सांगावं तसं ते बोलले. तेजराव अडुसष्ट वर्षांचे, पांढरं धोतर, पांढरी टोपी, चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नाही. "देवमन माहा लहाना भाऊ. बोलत नाही आमी."

मग खाटेवर बसवून, हातात चहा देऊन त्यांनी सांगितलं ते असं. "बाबा गेले, मंग वाटणी झाली. वावर वाटलं. इहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या. भांडे वाटले. राह्यली गाडी. बाबाची निशाणी, इकाची कशी? अन् एकानं घेतली तर दोघायनं काय करावं? पंच म्हणले, वाटा. मंग नेली जिनिंगवर, कापसाच्या मोठ्या काट्यावर टाकली, अन् तिघाले सारखं वजन केलं. मले बॉडी आली. देवमनले इंजिन अन् गेर. बहिणीले, कावेरीले, चाकं, सीटा अन् स्टेरिंग. बॉडी जड भरली म्हणून भिताडाकडचे दोन दरवाजेबी तिच्याकडं टाकले. एका किलोचा फरक नाही साहेब."

मी भिंतीकडच्या बाजूला डोकावलो. खरंच, त्या बाजूला दारं नव्हती. सरळ आरपार गोठा दिसत होता आणि गोठ्यातून म्हैस आम्हाला बघत होती.

"मला आधी सांगायचं तरी!"

"माहा हिस्सा गवतात सडून राह्यला होता, म्हणून इकला. तुमी फोटो मांगला, मी फोटो देल्ला. तुमी पैसे धाडले. मले वाटलं, सारं ठावं असन. शिकलेले लोकं."

आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्यावरून दोन कुटुंबं चार वर्षं बोलत नाहीत, त्यामुळं भांडण मला नवीन नव्हतं. पण मोटार तोलून वाटणं, यात एक उंची होती.

सुनंदा म्हशीवरची नजर काढून माझ्याकडे वळली. ती मूळची चिखलीची. नाशकात ती माझ्यासारखं बोलते, पण जालना मागं पडलं की तिची जीभ माहेरी जाते. ती म्हणाली, "काऊन हो, बॉनेट उघडून पाहाव असं नाही वाटलं तुम्हाले?"

"फोटोत बरी दिसत होती."

"हाव. माह्या बाबानंबी तुमचा फोटोच पाह्यला होता."

तेजराव टोपी काढून आत बघायला लागले.

तेवढ्यात मेहकरहून मी बोलावलेले रऊफ मिस्त्री आले. पिकलेली दाढी, कानामागं पेन्सिल. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, कोंबडीला बघितलं, विटांना बघितलं, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं, "साहब, बॅटरीचं पाणी चेक करू?"

मी बॉनेट हळूच मिटलं तेव्हा त्यांना दया आली. "दिल छोटा नका करू. गाडी पूरी हाये. फक्त एका जागी नाही."

सत्तावीस वर्षांत इतकं अचूक निदान मी आमच्या एकाही सर्व्हेअरकडून ऐकलं नव्हतं.

*जानेफळ*

दुसऱ्या दिवशी सकाळी रऊफभाई मेहुण्याचा ट्रक घेऊन आले. शेजारच्या वावरात नाली खोदणाऱ्या जेसीबीनं माझी ॲम्बेसिडर हारासकट उचलली आणि ट्रकवर ठेवली. कोंबडीला पाटीखाली झाकून अंड्यांसह तेजरावांच्या सुनेच्या हवाली केलं. ट्रकच्या केबिनमध्ये पान्यांच्या पेट्या भरलेल्या, म्हणून सुनंदा आणि मी गाडीत बसलो. गाडीत सीट नव्हती. सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती टाकली होती. मागच्या पोत्यावर तेजराव येऊन बसले.

"तुम्ही कुठं?"

"गाडी रस्त्यात घसरली तर नाव माहं खराब होईन. दोर पाहाले चाललो. बाकी माहा काही संबंध नाही."

असा आमचा कोकणचा प्रवास जानेफळच्या दिशेनं सुरू झाला. मी गाडीत होतो, गाडी ट्रकवर होती. उंचावरून दोन्ही बाजूंचा हरभरा दिसत होता, घाटे धरलेला, मधेच तुरीचे वाळलेले पट्टे. दोन दारं नसल्यामुळं वारा मोकळा होता. समोर काच होती, काचेपुढं ट्रकची केबिन. सुनंदा म्हणाली की देखावा चांगला आहे. आणि खरं सांगतो, होता.

जानेफळला देवमनरावांचा पत्ता विचारावा लागला नाही. रस्त्याकडेला त्यांची रसवंती होती आणि तिच्या घुंगरांच्या आवाजाखाली एक भारदस्त धडधड चालू होती. रऊफभाईंनी ट्रक थांबवून कान टवकारले. "सुनो," ते म्हणाले. "आपलं इंजिन."

चुलत्याचा आवाज ओळखावा तसं ओळखलं त्यांनी. बाबांनीच कधीतरी बसवून घेतलेलं डिझेल इंजिन बाभळीच्या ओंडक्यांवर बसलं होतं, पट्टा चरकाला जोडला होता, आणि गिअरबॉक्ससुद्धा जागच्या जागी होता. देवमनराव गिऱ्हाइकं वाढली की दुसरा गिअर टाकत. मी बघत असताना एसटी थांबली, वीस माणसं उतरली, आणि त्यांनी तिसरा टाकला. ऊस दिसेनासा झाला.

देवमनराव अठ्ठावन्न वर्षांचे, अंगानं भरलेले. त्यांनी आम्हाला आलं-लिंबू घातलेला रस दिला, सुनंदाला दोनदा दिला, आणि ट्रकवरच्या गाडीत ताठ बसलेल्या भावाकडे न बघता माझ्याशी बोलले.

"साहेब, त्यायले सांगा, रस घ्या म्हणा."

मी वर बघितलं. तेजराव म्हणाले, "साहेब, त्याले सांगा, मले शुगर हाये."

"त्यायले सांगा, मले काय मालूम. अकरा वर्षांत कोणी सांगतलं नाही."

माझ्या अंदाजानं मी हा निरोप्याचा धंदा तासभर केला. निष्पन्न एवढं झालं: रसवंतीला विजेची मोटर बसवायची सोय देवमनरावांकडे कधीपासून होती, पण बाबांचं इंजिन बंद ठेवायला जीव होत नव्हता. ते इंजिन द्यायला तयार होते. अट एकच. "कावेरीताईनं स्टेरिंग देलं तरच. नाही तर पुन्हा अर्धीच राहीन गाडी. मंग माहं इंजिन फुकट जाईन." आणि ते कोणाच्या भरवशावर सोडणार, म्हणून स्वतः देवमनरावही ट्रकवर चढले, इंजिनाला पाठ टेकून बसले. गाडीत बसा म्हटलं तर म्हणाले, मला गाडी लागते.

"ट्रक लागत नाही?"

"ट्रक नाही लागत. गाडी लागते."

खामगावच्या पुढं एका हवालदारानं हात केला. त्यानं खालून वरपर्यंत बघितलं: ट्रक, ट्रकवर गाडी, गाडीत तीन माणसं, गाडीला झेंडूचा हार, मागं इंजिनाशी टेकून एक माणूस उलट्या तोंडानं बसलेला.

"गाडीत बसून काय करून राह्यले?"

"प्रवास," मी म्हणालो.

त्यानं थोडा विचार केला. मग नवरदेव कुठं आहे असं विचारलं. सुनंदानं माझ्याकडे बोट दाखवलं. आम्हाला केबिनमध्ये दाटीवाटीनं बसवून, दोघा भावांना दोर धरायला लावून त्यानं आम्हाला जाऊ दिलं. शेगावला कचोऱ्या घेतल्या. रऊफभाई म्हणाले, कचोरी गरम खायची आणि गाडी थंड सुरू करायची नाही. दोन्ही उपदेश मी लिहून घेतले. दुसऱ्याचा उपयोग अजून व्हायचा आहे.

*संग्रामपूर*

पूर्णेचा पूल ओलांडला की जमीन आणखी काळी होते आणि समोर सातपुडा निळसर दिसायला लागतो. कावेरीबाईंचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात एक बैलबंडी उभी होती, तिला मोटारीची दोन चाकं. दुसरी दोन चाकं पाण्याच्या टाकीच्या हातगाड्याला. ओसरीत ॲम्बेसिडरची मागची सीट सोफ्यासारखी मांडलेली, वर क्रोशाचं पांघरूण. गाडीची दोन दारं न्हाणीघराला लावली होती, एक कायमचं बंद, एक जायला. आतून कोणीतरी काच फिरवून खाली केली आणि बाहेर कोण आलंय ते बघितलं. त्याच कावेरीबाई.

बासष्ट वर्षांच्या, उंच, ओले केस पाठीवर. त्यांनी ट्रककडे बघितलं. देवमनराव उतरून त्यांच्या पाया पडले. तेजराव मात्र ट्रक थांबण्याच्या आत पुन्हा गाडीत जाऊन बसले होते.

"भाऊ, उतर," कावेरीबाई म्हणाल्या.

"मी कुठी आलो तुह्या घरी? मी माह्या गाडीत बसलो."

मी नम्रपणे आठवण करून दिली की गाडी माझी आहे. कोणीही लक्ष दिलं नाही.

चहा वर नेऊन दिला गेला. तेजरावांनी तो खिडकीतून घेतला. आता ज्याच्यासाठी एवढा जिल्हा पालथा घातला तो प्रश्न मी विचारला: चाकं, सीट, दारं आणि स्टिअरिंग मिळेल का? बेत समुद्राचा आहे, रजेचे सहा दिवस उरलेत. कावेरीबाईंनी शांतपणे ऐकलं, आत गेल्या आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं स्टिअरिंग घेऊन बाहेर आल्या. बाकी सगळं वापरात होतं. हे एवढंच ठेवून दिलेलं होतं.

"चाकं घ्या, साहेब. सीट घ्या. न्हाणीले पत्रा लावीन मी. पण हे भावानं मांगलं पाह्यजे. सोताच्या तोंडानं."

"मी इकली गाडी," वरून आवाज आला. "मले काय करायचं स्टेरिंग?"

तेव्हा कावेरीबाई आमच्याकडे बघून बोलल्या, पण ऐकवलं ते ट्रकला. बाबांची नजर अधू झाली तेव्हा गाडी शिकायची पाळी आली. तेजराव एकदा चालवायला बसले आणि गाडी विहिरीच्या कठड्याला लागली. देवमनला उलट्या. मग बाबांनी मुलीला शिकवलं. नऊ वर्षं बाबांना दवाखान्यात, बाजारात, लग्नांना तिनंच नेलं. वाटणीच्या दिवशी ती म्हणाली होती, "मले वावर नोको, मले अख्खी गाडी द्या." पंचांदेखत दोघा भावांनी नाही म्हटलं. "मंग मी स्टेरिंगच मांगून घेतलं. म्हटलं, आता चालवा."

रऊफभाईंनी कानामागची पेन्सिल काढून पुन्हा कानामागं लावली.

तेजरावांनी टोपी काढली. "लोकं हासत, कावेरे. बहीण गाडी चालवते अन् तेजराव मांगं बसते म्हणत. पारावर बसू नाही देत."

"म्हणून गाडी तोलली?"

"म्हणून तोलली." टोपी हातात. "दे आता ते. मी मांगून राह्यलो."

कावेरीबाईंनी पदर खोचला. "बस मंग मांगं," त्या म्हणाल्या आणि ट्रकच्या फाळक्यावर पाय देऊन वर चढल्या.

रऊफभाईंनी स्टिअरिंग दांड्यावर बसवून दिलं. अकरा वर्षांनी खाचा बरोबर जुळल्या. कावेरीबाई कुटाराच्या पोत्यावर ताठ बसल्या, देवमनलाही मागं बसायला लावलं, आणि म्हणाल्या, "मिस्त्री, बाजारातून एक चक्कर घ्या."

ट्रक निघाला. वर कावेरीबाई गाडी चालवत होत्या. वळण आलं की त्या स्टिअरिंग वळवत आणि खाली रऊफभाई ट्रक वळवत. त्यांनी हॉर्नवर हात मारला की आरशात बघून रऊफभाई ट्रकचा हॉर्न देत. शुक्रवारचा बाजार होता. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. एक म्हातारा चक्क बाजूला सरकून वाट देत होता. हे मला नंतर रऊफभाईंनी सांगितलं, कारण मी आणि सुनंदा अंगणात बंडीपाशी उभे होतो. आमची गाडी आमच्याशिवाय फिरायला गेली होती.

परत आले तेव्हा तिघंही एकदम बोलत होते, म्हणजे भांडत होते, बाबा हॉर्न दोनदा वाजवायचे की तीनदा यावर. देवमनरावांनी खिडकीबाहेर तोंड काढून उलटी केली आणि पुन्हा आत जाऊन "तीनदा" म्हणाले.

पुढचे चार दिवस अंगणातल्या कडुलिंबाखाली गाडी जुळत गेली. आम्ही कावेरीबाईंकडेच राहिलो. रोज गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले जात, फोडून त्यात तूप ओतलं जाई, सोबत वांग्याची भाजी. आमच्याकडे पाहुण्याला वाढताना "आणखी घ्या" म्हणतात. इथं ताट हलवायच्या आत वाढतात आणि मग विचारतात. माझं वजन वाढत होतं आणि गाडीचंही. पाचव्या सकाळी इंजिन धडधडलं. रसाची सवय लागली असावी. धुराला उसाचा वास येत होता असं मला अजून वाटतं. रऊफभाई म्हणतात, वहम आहे.

पहिला मान माझा. मी बसलो. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असतो. स्टिअरिंग अर्धा वेढा फिरेपर्यंत चाकांना कळत नाही, आणि कळलं की ती फारच मनावर घेतात. मी मोठ्या ऐटीत अंगण ओलांडलं आणि कुटाराच्या गंजीत शिरलो. समोरच्या काचेतून काही दिसेना. बाहेर सुनंदाचा आवाज आला, "समुद्र आला का?"

गाडी ओढून काढल्यावर तेजराव माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती, मी पाठवलेले पैसे. "साहेब," ते म्हणाले, आणि पुरचुंडी पुढं केली. "पाप लागीन मले. पण माहा हिस्सा वापस द्या."

मोठ्या मनानं मी गाडी परत केली असं इथं लिहिता आलं असतं. खरं असं की मी पाच मिनिटं तरी वाद घातला. रजा, पेढे, सोसायटी, पंचवीस वर्षं, सगळं काढलं. तेजराव मान हलवत ऐकत राहिले. त्यांच्या पाठीमागं कावेरीबाई पदरानं गाडीच्या काचेवरचं कुटार झटकत होत्या. एका कोपऱ्यात अडकलेली काडी निघेना, ती त्यांनी नखानं काढली. मी पुरचुंडी घेतली. हार राहू द्या म्हणालो.

निघताना आम्हाला एसटी स्टँडवर सोडायला तिघंही आले. कावेरीबाई चालवत होत्या, सुनंदा पुढं त्यांच्या शेजारी, मी मागं दोन भावांच्या मध्ये. ॲम्बेसिडरमधून आमचा प्रवास झाला तो एवढाच, घर ते स्टँड. देवमनरावांनी पूर्ण वेळ माझा हात घट्ट धरला होता आणि तोंड घट्ट मिटलं होतं. पुढं दोघींचं काहीतरी हळू आवाजात चाललं होतं; इंजिनामुळं मला ऐकू आलं नाही.

एसटीत खिडकीची जागा सुनंदाला दिली. सातपुडा मागं पडेपर्यंत ती बाहेर बघत होती. मला वाटलं, समुद्राचं दुःख करतेय. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात नक्की जाऊ. भाड्याची गाडी करू, ड्रायव्हरसकट."

"पुढच्या महिन्यात मी नाही," ती म्हणाली. "पंधरा दिवस संग्रामपूरले जाऊन राहीन मी. कावेरीबाईंशी बोलणं झालं, त्या गाडी शिकवते म्हणल्या. तुमच्या जेवणाचं तुमी पाहून घ्या, अन् समुद्राले जाचं असन तं मांगं बसायची सवय लावून ठेवा."